सुपर-स्पीड आणि अब्बांचा जोड

पहिली मिरची मगनभाईंच्या चष्म्यावर आपटली. दुसरी टोपीवर बसली. पुढच्या मी मोजल्या नाहीत, कारण तोवर पट्ट्यावरची सगळीच मिरची हवेत होती आणि पथारीवरची झाडून सगळी माणसं शिंकत होती. मी लाल बटण दाबायला धावलो. बटण मीच बसवलेलं. पण डोळ्यांतून धार लागलेली असताना लाल मिरचीच्या राशीत लाल बटण सापडायला वेळ लागतो, हे बसवताना सुचलं नव्हतं.

मशीन थांबलं. मगनभाईंनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

"शकील, हाई मशीन मिरची निवडस का पाखडस?"

सकाळचे दहा वाजले होते, आणि चार वाजता हेच मशीन बघायला तीन व्यापारी येणार होते.

आधी मी कोण ते सांगतो. मी एम्बेडेड इंजिनिअर. म्हणजे मोठ्या यंत्राच्या पोटात जो छोटा कंप्यूटर असतो, त्याचा बोर्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर करणारा माणूस. सोळा वर्षं पुण्यात एका कंपनीत होतो. अम्मी गेल्यावर अब्बा नंदुरबारला एकटे पडले, म्हणून मी परत आलो. स्टेशनजवळ अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल. पुढे अब्बा जळलेल्या मोटारींत नवी तार भरतात, मागे मी बोर्ड जाळतो, असं आमच्या गल्लीतले लोक म्हणतात. काही वेळा ते खरंही असतं.

मगनभाई तापीकाठचे गुजर शेतकरी. केळी, कापूस, ऊस सगळं करून झाल्यावर मिरचीच्या व्यापारात पडले. शहराबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे ओली मिरची वाळत घालायचं मोठं मैदान. वाळलेल्या मिरचीत काही मिरच्या पांढरट, फिक्या पडतात. बाजारात त्यांना फटकी म्हणतात. फटकी राहिली की मालाचा दर्जा गेला. ती निवडायचं काम बायका करतात. मी मगनभाईंना म्हटलं, हे काम मशीन करेल. पट्ट्यावरून मिरची जाईल, वर कॅमेरा असेल, पेटीतला कंप्यूटर फोटो बघून फटकी ओळखेल आणि पुढची हवेची नळी फक्त तिला फुंकर मारून बाजूला उडवेल. बायकांना देठ खुडायचं काम आहेच.

हे माझं पहिलं मशीन. मगनभाईंनी रोखठोक सांगितलं होतं, व्यापाऱ्यांसमोर चाललं तर ठेवतो, नाही तर उचलून ने. आणि पुण्याच्या कंपनीतल्या माझ्या जुन्या मॅडमचा फोन येऊन गेला होता, जागा रिकामी आहे, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळव. मी मनाशी ठरवलं होतं की हे मशीन पडलं तर पुणे. मला जायचं नव्हतं. अब्बांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी एकदाही थांब म्हटलं नाही. फक्त माझ्या मागच्या खोलीला त्यांनी त्या आठवड्यात स्वतःच्या हातानं रंग दिला. त्यांचं बोलणं असंच असतं.

तर, सगळी मिरची का उडाली? त्यासाठी तीन आठवडे मागे जावं लागेल.

लॅपटॉपला तुम्ही काही जोडलं तर तो बहुतेक स्वतःच हुडकून काढतो की हे काय आहे. आमच्या छोट्या बोर्डांचं तसं नसतं. बोर्डावर कुठली चिप कुठे आहे, ती काय काय करू शकते, हे ऑपरेटिंग सिस्टिमला एका फाईलमध्ये लिहून द्यावं लागतं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. गावात नवा तलाठी आला की कोतवाल त्याला सांगतो, ही विहीर, हा बांध, हे घर बंद असतं. तलाठी ते खरं धरून चालतो. ऑपरेटिंग सिस्टिमही फाईलमध्ये जे लिहिलंय ते खरं धरून चालते. विहीर नसली तरी बादली सोडते.

या फाईलमध्ये यूएसबी कंट्रोलरसाठी एक ओळ असते, मॅक्सिमम-स्पीड. कंट्रोलर म्हणजे यूएसबीची सगळी ये-जा सांभाळणारा भाग. त्यानं जास्तीत जास्त किती वेगानं चालायचं ते या ओळीत लिहितात. मी तिथे हाय-स्पीड लिहिलं होतं. मगनभाई त्या दिवशी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांचं मशीन कसं बनतंय हे बघायला ते रोज यायचे, चहा सांगायचे आणि मला काम करू द्यायचे नाहीत.

"हाई हाय म्हंजे सगळ्यासना वर का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, याच्यावर सुपर आहे.

"आनि फुल?"

फुल हायच्या खाली, मी सांगितलं. मगनभाई माझ्याकडे बघत राहिले. फुल म्हणजे भरलेलं, भरलेल्याच्या वर अजून काय राहणार, असा त्यांचा प्रश्न होता. मी समजावलं की ज्यांनी नावं ठेवली त्यांना वाटलं फुलवर विषय संपला, मग पुढे आणखी वेगवान निघालं, म्हणून हाय, मग आणखी निघालं, म्हणून सुपर. हे मात्र त्यांना लगेच पटलं. बाजारात एक नंबरच्या वर स्पेशल असतो आणि स्पेशलच्या वर एक्स्ट्रा स्पेशल, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"मंग सुपरच लिख ना. कमी काबर लिखस? मशीन मन्ही शे."

आता ही आमच्या बाजाराची रीत आहे. विकणारा वरून सुरू करतो, घेणारा खालून, आणि मधे कुठेतरी गाठ पडते. पहिल्याच तोंडाला खरा आकडा सांगणारा माणूस इथे एक तर नवखा किंवा येडा. मी मगनभाईंवर सगळं ढकलत नाही. मलाही ते सुपर लिहायला आवडलं. बोर्डावरचा कंट्रोलर सुपरचा होता, कॅमेरा सुपरचा होता, टेबलावर हातभर केबल होती. फाईल बदलली, चालवून बघितलं, फोटोंचा नुसता पाऊस. पट्टा दुप्पट वेगानं पळवला तरी कंप्यूटर मागे पडेना. मगनभाईंनी तिथल्या तिथे पेढे मागवले.

मशीन पथारीवर नेलं तेव्हा मगनभाईंची एकच अट होती. कंप्यूटरची पेटी त्यांच्या खोलीत, गादीशेजारी राहील. एक तर बाहेर मिरचीची धूळ. आणि दुसरं म्हणजे पेटीवरचे दिवे पाहुण्यांना गादीवर बसल्या बसल्या दिसले पाहिजेत. मी म्हटलं, केबल पुरणार नाही, लांब केबल मागवावी लागेल. एवढं बोलून मी पट्ट्याची पुली आणायला शहाद्याला गेलो. एसटीनं परत यायला संध्याकाळ झाली. येऊन बघतो तर पेटी गादीशेजारी, कॅमेरा पट्ट्यावर, आणि मधे लांबलचक काळी केबल, सुबक पाइपातून नेलेली.

केबल अब्बांनी वाढवली होती. जुनी कापून तिला पुढे दुसरी जोडून.

अब्बांच्या जोडाबद्दल नंदुरबारात कुणी वाईट बोलत नाही. चाळीस वर्षं ते तारा जोडतायत. पंप विहिरीच्या तळाशी असला तरी अब्बांचा जोड पाणी धरत नाही. त्यांनी त्या केबलमधली प्रत्येक तार रंगाला रंग लावून जोडली होती, प्रत्येकीला कथलाचा डाग दिला होता, वर नळी चढवली होती, त्यावर पट्टी. मीटर लावून मला प्रत्येक तार वाजवून दाखवली. मीटर टीं टीं बोललं. मी बघितलं, मला शंका आली, तरी मी पट्ट्याची पुली बसवायला निघून गेलो. सकाळी मशीन चालू केलं आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दहा ते बारा मी सगळ्यांवर संशय घेतला. पॉवर सप्लाय बदलला. अर्थिंग बघितलं. धुळीनं भरलेली कॅमेऱ्याची काच पुसली. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. एका बाईला मोबाईल बंद करायला लावला, ती बिचारी नातवाशी बोलत होती. मशीन पंधरा-वीस सेकंद बरं चालायचं, फटकी नेमकी उडवायचं, आणि मग एकदम सगळी मिरची आकाशात. अब्बा खाटेवर बसून हे बघत होते. त्यांच्या हातात मीटर होतं.

ठगूबाई पट्ट्याजवळ बसून होती. ती निवडणाऱ्या बायकांची म्होरकी. तिची नजर अशी की पोत्याच्या बाहेरून फटकी सांगेल. मशीन आलं तेव्हापासून ती त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघत होती. बाकीच्या बायका शिंकून दमून लांब गेल्या, ही पदर नाकाला बांधून तिथेच.

"भाऊ," ती म्हणाली, "तुन्ही मशीन डोया मिची लेस, मंग मिरच्या उडावस."

मी विचारलं, कसला डोळा? तिनं कॅमेऱ्यावरचा बारीक दिवा दाखवला. दिवा विझतो, क्षणभरानं परत लागतो, आणि तेवढ्यात मिरची उडते. तिनं हे सकाळीच हेरलं होतं. मग आधी का नाही सांगितलं, म्हणालो, तर म्हणाली की मला वाटलं तूच तसं शिकवलं असशील.

मी गादीवर जाऊन पेटीला लॅपटॉप लावला आणि लॉग उघडला. लॉग म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची रोजनिशी. त्यात ओळीनं एकच गोष्ट लिहिलेली. सुपर-स्पीड कॅमेरा सापडला. कॅमेरा गेला. सुपर-स्पीड कॅमेरा सापडला. कॅमेरा गेला. कॅमेरा सकाळपासून रुसून जात होता आणि परत येत होता. तो गेला की माझ्या प्रोग्रामला कोरं पांढरं चित्र मिळायचं. पांढरं म्हणजे फटकी, असं त्याला मीच शिकवलेलं. त्यानं इमानदारीत सगळी मिरची फटकी समजून उडवली. हा मूर्खपणा शंभर टक्के माझा, आणि तो मी तिथल्या तिथे दुरुस्त केला. आता चित्र नसेल तर पट्टा थांबेल. पण थांबणारं मशीन बघायला व्यापारी येणार नव्हते.

कॅमेरा का जात होता, हे मला खरं तर आदल्या संध्याकाळीच कळलं होतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा रुमालाखाली होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. दोघे हात रुमालाखाली घालतात, बोटं दाबतात, तोंडानं कुणी बोलत नाही. यूएसबी जोडली की तेच होतं. बोर्ड आणि कॅमेरा गुपचूप ठरवतात, कुठल्या वेगानं बोलायचं. मॅक्सिमम-स्पीडची ओळ म्हणजे सौद्याला पाठवलेल्या माणसाला घरून दिलेली ताकीद, की याच्यावर जायचं नाही. मी सुपरपर्यंत मोकळीक दिली होती. दोघंही सुपर झेलणारे, त्यांनी सुपर ठरवलं. पण सुपरचा निरोप ज्या जादाच्या बारीक तारांतून जातो, त्या जोडीजोडीनं पिळलेल्या आणि वर्खात गुंडाळलेल्या असतात. पीळ जरा सुटला, वर्ख जरा फाटला की निरोप विस्कटतो. मीटरला ते कळत नाही. मीटर फक्त विचारतं, तार पोचली का? तार पोचली होती. हाय-स्पीडच्या तारा वेगळ्या आणि दणकट, त्यांना असा एखादा जोड चालून जातो.

म्हणजे उपाय दोन. केबल बदलायची, जी सुरतेहून यायला दोन दिवस लागणार होते. किंवा पेटी गादीवरून उठवून कॅमेऱ्याजवळ धुळीत ठेवायची आणि जोडाची केबल काढून दुसरी हातभर लावायची, सगळ्यांसमोर, अब्बांसमोर. मी पेटी बाहेर ठेवून बघितली. पाच मिनिटांत तिच्या पंख्यानं मिरचीची एवढी पूड ओढली की पेटीतूनच ठसका येऊ लागला. ती परत आत नेली.

राहता राहिला तिसरा उपाय, जो मला सगळ्यात शेवटी सुचला. जे आहे ते लिहायचं.

मगनभाई मागे येऊन उभे राहिले होते. अब्बाही खाटेवरून उठून दारात आले. ठगूबाई त्यांच्या मागे.

"काय व्हयनं?" मगनभाईंनी विचारलं. "वायरमा काई खोट शे का?"

अब्बांनी मीटर खिशात घातलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, केबलकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि क्षणभर माझं मलाच माहीत नव्हतं काय बाहेर येणार आहे.

"वायर चांगली शे, मगनभाई," मी म्हटलं. "मी फाईलमा खोटं लिखेल व्हतं. सुपर लिखं, आपलं काम हायनं शे."

"ते तं मीच तुले सांगेल व्हतं," मगनभाई म्हणाले. मगनभाईंनी टोपी काढली, तिच्यातली मिरची झटकली. "मंग खरं लिखी टाक. चार वाजता मानसं ई ऱ्हायनात."

सुपर खोडून हाय लिहिलं. एका शब्दाचा फरक. फाईल पेटीत टाकली, पेटी बंद करून चालू केली. लॉगमध्ये आलं, हाय-स्पीड कॅमेरा सापडला. पुढची ओळ आलीच नाही. मी दहा मिनिटं त्या एका ओळीकडे बघत बसलो. इतकं बरं मला पगारवाढीच्या पत्राकडे बघूनही वाटलं नव्हतं.

फुकट काही मिळत नाही. हाय-स्पीडला फोटो कमी येतात. फोटो कमी म्हणजे पट्टा हळू. मी वेग अर्ध्याच्याही खाली आणला. मिरच्या रांगेनं, एकेक करून, लग्नातल्या पंगतीसारख्या सरकू लागल्या. मगनभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लोकांना दुप्पट वेग सांगून ठेवला होता. बाजाराच्या रीतीनं त्यात त्यांनी स्वतःचंही थोडं घातलं असणार.

चार वाजता व्यापारी आले. पेटीचे दिवे बघितले, चहा घेतला, पट्ट्याजवळ आले. एकानं विचारलं, कुठल्या स्पीडचं आहे? मगनभाईंनी छाती काढून सांगितलं, हाय-स्पीड. त्या माणसानं सावकाश सरकणाऱ्या मिरचीकडे बघितलं, मग मगनभाईंकडे. हाय असून एवढं हळू का, असं तो विचारणार इतक्यात ठगूबाई बोलली.

"घाई करी का फटकी सुटी जास, शेठ. मी बी हायूहायूच निवडस."

चाळीस वर्षं मिरची निवडलेल्या बाईशी वाद घालायला कुणी तयार नव्हतं. व्यापाऱ्यानं चांगल्या मालातली ओंजळ घेतली, हातावर पसरली, उलटीपालटी केली. त्याला फटकी सापडली नाही. त्यानं ओंजळ ठगूबाईपुढे धरली. तिनं बराच वेळ बघितलं, एक मिरची उचलली, उन्हात धरली आणि परत ठेवून दिली. मग मान हलवली. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मशीन राहिलं. त्यातल्या एका व्यापाऱ्यानं स्वतःसाठी तसंच दुसरं बनवायला सांगितलं सुद्धा, आणि वर अट घातली. पेटी अशीच गादीशेजारी पाहिजे, आणि वायरीला जोड याच चाचांच्या हातचा. अब्बांनी नुसती मान डोलावली. त्यांच्या तोंडावरून मला काही कळलं नाही.

परतताना अब्बा माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. रेल्वे फाटक बंद होतं. आम्ही उभे राहिलो. मालगाडी लांबलचक.

"जोड में खोट थी ना?" मागून आवाज आला.

मी म्हटलं, तशा तारेला जोड चालतच नाही अब्बा, कुणाचाच. डबे जात राहिले.

"सब के सामने क्यूँ नहीं बोला?"

"फाईल मेरी थी," मी म्हणालो. फाटक उघडलं. अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो घरापर्यंत तसाच ठेवला.

इथे एक सांगायचं राहिलं. अब्बा मोटार भरून झाली की तिच्यावर पांढऱ्या रंगानं हॉर्सपॉवर आणि खाली तारीख लिहितात. कंपनीची पाटी काही म्हणो, त्यांचं वाइंडिंग जेवढं झेलेल तेवढंच लिहितात. कित्येक गिऱ्हाइकं म्हणतात, चाचा, तीनचे पाच लिहा, विकायला बरं पडतं. अब्बा ब्रश धुऊन ठेवतात. मी लहानपणापासून हे बघत आलोय, आणि शिकूनसवरून, सोळा वर्षं पुण्यात काढून माझ्या फाईलमध्ये तीनचे पाच मीच लिहिले.

सोमवारी मी मॅडमना फोन करून नाही सांगितलं. मंगळवारी पथारीवर गेलो, तर केबलच्या पाइपावर, जिथे आत जोड आहे तिथे, ताज्या पांढऱ्या रंगात हाय लिहिलेलं होतं. खाली नेहमीसारखी तारीख. अब्बा सकाळी रिक्षा करून, मला न सांगता, ब्रश आणि डबी घेऊन येऊन गेले होते.

तेव्हापासून मॅक्सिमम-स्पीडची ओळ लिहायच्या आधी मी केबल हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपतो. पुढच्या दुकानातून अब्बा विचारतात, "कितने का है?" मी खरा आकडा सांगतो. मगनभाई शेजारी बसले असले तरीसुद्धा.